बुधवारचे सव्वापाच तास

फोन आला तेव्हा देवव्रत कुर्ल्याच्या एका गॅरेजात होता. उचलून धरलेल्या पांढऱ्या गाडीच्या पोटाखाली उभा राहून बॅटरीच्या उजेडात तो जुना ओरखडा नव्या ओरखड्यापासून वेगळा काढत होता. पलीकडून श्रुतिका विचारत होती, सर, मागच्या बुधवारी मॅडमनी पट्टा काढून ठेवला होता का. श्रुतिका म्हणजे घाटकोपरच्या हॉस्पिटलातली फिजिओथेरपिस्ट. पट्टा म्हणजे कमरेला बांधायचा इलास्टिकचा पट्टा, त्यात काडेपेटीएवढं यंत्र. माणूस हलला की ते लिहून ठेवतं, नाही हलला की गप्प बसतं. रेवतीनं, म्हणजे देवव्रतच्या बायकोनं, तो सात दिवस बांधला होता आणि काल सोमवारी त्यानंच तो पाकिटात घालून हॉस्पिटलात नेऊन दिला होता. बुधवारी सकाळी दहा पाचपासून दुपारी तीन वीसपर्यंत काहीच नाहीये, श्रुतिका म्हणाली, गुरुवारी तर त्याहून जास्त. नव्वद मिनिटं सलग काही नसलं की आमचं सॉफ्टवेअर धरून चालतं, पट्टा टेबलावर पडलाय. ते तास आम्ही गाळतो. नुसती खात्री करायची होती. देवव्रतनं बॅटरी गाडीच्या पोटावरून एकदा फिरवली. सव्वापाच तास. जिवंत माणूस झोपेतसुद्धा कूस बदलतो, डास मारतो, पोटरी खाजवतो. "हो, काढला असेल," तो म्हणाला, "आंघोळीला वगैरे." ती बरं म्हणाली. म्हणाली, उद्या दुपारी अहवाल शाळेला मेल करते. फोन खिशात गेला, बॅटरी पुन्हा ओरखड्यावर आली, पण ओरखडा आता दिसेना. 'असेल' हा शब्द तोंडात खड्यासारखा राहिला होता.

कारण 'असेल' तो कोणाकडून घेत नाही. ठोकलेल्या गाड्या तपासून विमा कंपनीला कळवायचं, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. लोक सांगतात कालच लागलं. तो पत्र्याला बोट लावतो आणि बोटाला गंज येतो. रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर त्याच्या शर्टाच्या खिशात असतं. पत्र्याला टेकवलं की आकडा येतो, आणि आकड्यावरून कळतं की इथे आधी एकदा पुट्टी भरलीय. त्याला कोणाचा राग येत नाही. लोक खोटं बोलतात असंही तो म्हणत नाही. लोकांना जे झालंय त्यापेक्षा थोडं जास्त झाल्यासारखं वाटतं, एवढंच. ते थोडं जास्त तो काढून टाकतो. हे डोळे घेऊन तो रोज संध्याकाळी मुलुंडला घरी जातो. गेली चार वर्षं त्या घरात रेवती पलंगावर असते. ती खोटं बोलते असं तो कधीच म्हणाला नाही. आवाज चढवला नाही, चहा स्वतः करून घेतला, औषधं आणली. फक्त एकदा, दोन वर्षांपूर्वी, ती झोपलीय असं बघून त्यानं टीव्हीखालच्या केबलच्या डब्यावर हात ठेवला होता. गरम आहे का बघायला. दिवसभर बघत बसली होती का बघायला. डबा थंड होता, आणि हात उचलताना त्याला वाटलं होतं की तिचे डोळे आत्ताच मिटले, आधी उघडे होते. पण तसं नसेलही.

(असेल. नसेल.)

चार वर्षांपूर्वी एक ताप आला. आठ दिवसांत उतरला, आणि उतरताना रेवतीला बरोबर घेऊन गेला. भांडुपच्या शाळेत ती गणित शिकवायची, तिसऱ्या मजल्यावर, साठ मुलांचा वर्ग, मधल्या सुट्टीत मुलींबरोबर पदर खोचून लंगडी. तापानंतर पहिल्या दिवशी शाळेत गेली आणि दुसऱ्या तासाला फळ्याशी खाली बसली. रक्त तपासलं, हृदय तपासलं, मेंदूचा फोटो काढला, सगळं छान. सगळं छान हा निकाल घेऊन ते दोघं किती दवाखान्यांतून बाहेर पडले, आणि प्रत्येक वेळी रेवतीचा चेहरा नापास झाल्यासारखा. शेवटी एका डॉक्टरनं नाव दिलं: क्रॉनिक फटीग सिंड्रोम. पण ते नाव सोसायटीच्या गेटपर्यंतसुद्धा टिकलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, अहो, फटीग मलाही आहे, संध्याकाळी आलं की नुसतं पडावंसं वाटतं. मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत न दमलेला माणूस दाखवा. रेवती हसली होती. तिनं पुढे ते नाव कोणाला सांगितलं नाही. मग या एप्रिलमध्ये शाळेचं पत्र आलं: पंधरा जूनला रुजू व्हा, किंवा मोजमाप केलेला वैद्यकीय अहवाल आणा, अहवालात हलकं काम जमेल असं निघालं आणि तरी आला नाहीत, तर राजीनामा धरला जाईल. रेवतीनं पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, "नोकरी गेली तर जाऊ दे रे. पण जमत असून आली नाही, असं नाही लागलं पाहिजे माझ्या नावाला." आणि भिंतीकडे तोंड केलं. खोटं बोलला असा शेरा नको, हीच मागणी लोक गॅरेजात त्याच्याकडे वेगळ्या शब्दांत करत असतात, हे त्याला तेव्हा सुचलं नव्हतं. आत्ता, गॅरेजातून निघून कुर्ल्याच्या सिग्नलला स्कूटरवर, हेल्मेटच्या आत सुचलं.

मोजायला जायचं त्या सोमवारच्या आधीचा शनिवार-रविवार ती हललीसुद्धा नव्हती. साठवतेय, म्हणाली. सोमवारी सकाळी मात्र उठून केस धुतले, इस्त्रीचा कुर्ता घातला, टिकली लावली, कानात मोत्यांच्या कुड्या. तिच्या आईची शिकवण: डॉक्टरकडे गबाळ्यासारखं जायचं नसतं, लोक काय म्हणतील, घरी बघणारं कोणी नाही? त्या घरातल्या बायका आजारपणाला पाहुण्याकडे जाताना नेसतात तसं नेसून जातात. देवव्रतही तिच्याकडे बघून मनात म्हणालाच होता, बघा, ठरवलं की होतं. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर तीस मीटरचा कॉरिडॉर होता, दोन टोकांना दोन नारिंगी शंकू. सहा मिनिटं चालायचं, जमेल तितकं. श्रुतिका घड्याळ घेऊन उभी. रेवती चालली. ताठ, वळणावर श्रुतिकाला हसून दाखवत, चारशे पाच मीटर. शाबास मॅडम, श्रुतिका म्हणाली, आणि रेवतीच्या गालावर चार वर्षांत न दिसलेला रंग आला. किती दिवसांनी तिला कोणी मार्क दिले होते. मग खुर्चीवर बसवून प्रश्न. श्रुतिका वाचायची, रेवती उत्तर द्यायची, कधी रेवती देवव्रतकडे बघायची आणि देवव्रत

एक मजला जिना चढणे: खूप अडचण, थोडी अडचण, अडचण नाही

उत्तर द्यायचा, थोडी म्हणा, आज उतरली ना दोन मजले, संध्याकाळी चढेलच. आणि रेवती मान हलवायची, कारण पाहुण्यांसमोर नवऱ्याला खोडून काढायची तिला सवय नव्हती, आणि कारण तिलाच त्या दिवशी ते खरं वाटायला लागलं होतं, आणि पुढचा प्रश्न

आंघोळ करणे, कपडे घालणे: खूप अडचण, थोडी अडचण, अडचण नाही

आला तेव्हा ती झटकन म्हणाली, नाही नाही, अडचण नाही. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीसमोर दुसरं काय म्हणणार होती? घरी न्हाणीघरात प्लॅस्टिकचं स्टूल आहे, त्यावर बसून ती एक पाय धुते, थांबते, दुसरा धुते. आठवड्यातून दोनदा. हे तिनं सांगितलं नाही. त्यानंही नाही. तो ते स्टूल गेली तीन वर्षं बघतोय. त्याच्या लेखी ते नुसतं स्टूल होतं.

संध्याकाळी तो लवकर घरी आला. मिठागर रोडवरची त्यांची इमारत जुनी, लिफ्ट नाही, दुसरा मजला. जिन्यात शांताबाई भेटल्या, सकाळ-संध्याकाळ पोळीभाजीला येतात त्या, पिशवी काखेत मारून उतरत होत्या. त्यानं उगाच विचारल्यासारखं विचारलं, मागच्या बुधवारी हिनं तो पट्टा काढला होता का हो. शांताबाई उतरलेली एक पायरी परत चढून आल्या. वहिनींनी सकाळचं ताट तसंच ठेवलं होतं, म्हणाल्या, मी संध्याकाळी आले तर आमटीवर साय. पट्टा काढायला हात लागतात, ते कुठून आणणार होत्या. मग त्याच्याकडे नीट बघून म्हणाल्या, "दादा, गाड्यांखाली वाकून वाकून बघता म्हणे तुम्ही. घरात आपलं उभ्याउभ्याच." आणि गेल्या. त्याला हसू आलं, आणि ते चेहऱ्यावर यायच्या आत निघून गेलं.

रेवती जागी होती. पडदे ओढलेले, कारण उजेड तिला आवाजासारखा लागतो. तो पलंगाच्या कडेला न बसता खाली फरशीवर बसला. कडेला बसलं की गादी हलते, आणि हललेली गादी तिला सोसावी लागते, हे तिनं कधीतरी सांगितलं होतं आणि त्यानं कधीतरी ऐकलं होतं. त्यानं विचारलं. पट्टा काढला नव्हता, ती छताकडे बघत म्हणाली.

"सव्वापाच तास काहीच नाही येत त्यात."

"हो ना. कुशीवर वळायचं होतं मला." तिचा आवाज सपाट होता, शाळेत पायऱ्या सांगायची तसा. "उजवा खांदा दुखायला लागला होता. म्हटलं वळू. आधी गुडघा उचलायचा, मग कंबर, मग खांदा. दोन तास ठरवत होते. मग ठरवणंच जास्त झालं, म्हणून सोडून दिलं."

दोन तास. हलायचं ठरवण्याचे दोन तास, जे कुठल्याही यंत्रात हालचाल म्हणून लागत नाहीत. आपण रोज किती वेळा कुशीवर वळतो, किती पायऱ्या, किती गिअर, किती वेळा वाकतो आणि उठतो. हे सगळं फुकट असतं आणि फुकट आहे हे कळत नाही. या खोलीत मात्र एका गुडघ्याला किंमत होती, आणि ती देता आली नाही म्हणून एक बाई सव्वापाच तास दुखत्या खांद्यावर तशीच राहिली, आणि संध्याकाळी तो आला तेव्हा म्हणाली होती, आलास? चहा घे. त्याला आठवलं, त्या बुधवारी तो आल्याआल्या म्हणाला होता, आज छान आराम झाला वाटतं. फरशी थंड होती. देवळात गाभाऱ्याशी बसल्यावर बोलायचं नसतं हे जसं कोणी न सांगता कळतं, तसं त्याला काहीतरी कळायला लागलं होतं, आणि ते अजून शब्दापर्यंत आलं नव्हतं. मी श्रुतिकाला सांगितलं की काढला होता, तो म्हणाला. रेवतीनं डोळे मिटले. रागावली नाही. तेवढी ताकद नव्हती, किंवा ती असल्या कामाला वापरायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी बुधवारच होता. सकाळची दोन गॅरेजं रद्द करून तो घाटकोपरला गेला आणि श्रुतिकाची ओपीडी संपेपर्यंत बाकड्यावर बसून राहिला. बारा वाजता तिनं आत बोलावलं. तिचा डबा उघडा होता, भात आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं. ती कणकवलीकडची, आजोबा गिरणीत होते, हे तिनं मागे बोलता बोलता सांगितलं होतं. त्यानं उभ्यानंच सांगितलं, काल मी चुकीचं बोललो, पट्टा काढला नव्हता. श्रुतिकानं डब्याचं झाकण लावलं. सर, तुम्हीच म्हणालात ना काढला म्हणून, मी तसं नोंदवून टाकलं. आता तुम्ही म्हणता नव्हता. ती उद्धटपणे बोलत नव्हती, दमून बोलत होती. म्हणाली, कोणी म्हटलं म्हणून गाळलेले तास मला परत घालता येत नाहीत. उद्या प्रत्येकाचा नवरा येऊन सांगेल. देवव्रत खुर्चीवर बसला. हे वाक्य त्याचं होतं. बावीस वर्षांत त्यानं ते किती जणांना ऐकवलं होतं, गाडीच्या बोनेटवर कोपर टेकून, याच शांत आवाजात. ते ऐकणाऱ्याच्या बाजूनं कसं लागतं, हे कळायला त्याला या बाजूला येऊन बसावं लागलं. अहवाल तयार होता, पडद्यावर दिसत होता. चाललेलं अंतर: चारशे पाच मीटर. प्रश्नावली: मध्यम. पट्ट्याचे वैध दिवस: पाच. आणि शेवटची ओळ, ठराविक हलके काम शक्य.

तो म्हणाला, माझ्याकडे यापेक्षा जास्त काही नाही. पण एक विचारतो. गाडीवर वरचा रंग बघून कळत नाही तेव्हा आम्ही खालचा थर बघतो. तुमच्या या यंत्रात खालचा थर असतो का?

कच्ची फाइल असते, श्रुतिका म्हणाली. सेकंदाला तीस वेळा लिहितं ते यंत्र. आम्ही उघडत नाही, कोणाला वेळ आहे. सॉफ्टवेअर त्याचे मिनिटामिनिटाचे आकडे करून देतं आणि अगदी बारीक असेल ते टाकून देतं. तिनं घड्याळाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली. आधी तिनं दुसराच एक पट्टा लावून दाखवला, खरोखर कपाटात पडून असलेला: आडवी रेघ, तिच्यावर मुंग्यांसारखी नुसती कुरकुर, ना चढ ना उतार. मेलेली रेघ अशी दिसते, म्हणाली. मग रेवतीचा बुधवार उघडला. दहा पाच. तीही रेघ तशीच आडवी. थांबा, श्रुतिका म्हणाली, आणि आलेखाची उभी मोजपट्टी ताणत गेली, दहा पट, वीस पट, पन्नास पट.

रेघ उठली.

उठली आणि बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. सबंध पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकसारखी, गोल पाठीची, घाई नसलेली लाट. देवव्रतनं नकळत रेघेखालच्या वेळेच्या खुणा बघून लाटा मोजल्या, मिनिटाला सोळा. श्रुतिकानं फाइल पुढे सरकवली, अकरा वाजता, सोळा, साडेअकरा, पंधरा. यंत्र पोटावर होतं. पोट खालीवर होत होतं. "गे बाय," श्रुतिका अगदी हळू म्हणाली, आजीच्या तोंडचं असावं तसं, "श्वास आहे हो सर हा." तळमजल्याच्या त्या खोलीत एसी घरघरत होता, बाहेर कोणीतरी कोणाचा तरी नंबर पुकारत होतं, आणि ते दोघं शाळेतल्या मुलांसारखे एका पडद्यापुढे डोकी जवळ घेऊन बसले होते. जिथे काहीच नाही असं लिहिलं होतं तिथे हे होतं. सगळं थांबलेलं असताना जे थांबत नाही, ते. ज्या वेळात तो कुर्ल्यात बंपर मोजत होता, ज्या वेळात हायवेवर हजारो गाड्या इकडून तिकडे गेल्या, त्या वेळात मुलुंडच्या अंधाऱ्या खोलीत एक माणूस दुसरं काहीही करता येत नसताना हे एवढं करत होता, मिनिटाला सोळा, एकही न चुकवता; आणि ज्याला हा पसारा सांभाळता येतो त्याला आपण दिवसभर पडून होता असं म्हणतो. त्याला पडद्याला हात लावावासा वाटला. त्यानं मीटर टेकवतात तसं एक बोट त्या लाटेखाली नेलं आणि काचेच्या अलीकडे थांबवलं.

श्रुतिकानं कामाला सुरुवात केली. बुधवारवरचा 'पट्टा काढला' हा शेरा पुसला, तास परत घातले. हालचालीची सरासरी एका पायरीनं खाली आली. प्रश्नावली पुन्हा घेऊ, म्हणाली, मी घरी येईन, मॅडम पडलेल्या असतानाच विचारीन, आणि सर, तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा. तो हो म्हणाला. 'ठराविक हलके काम शक्य' ही ओळ तिनं निवडली आणि पुसून टाकली. मग कर्सर सरकवता सरकवता तिचा हात थांबला. इथे बघा काय आहे, म्हणाली.

एक वाजून दोन मिनिटांपासून लाट दाट व्हायला लागली होती. अठरा, वीस, बावीस. एक वाजून सात मिनिटांनी ती तुटली: दोन खोल खड्डे, एक आखूड, मधे काहीच नाही, पुन्हा एक खोल. मिनिटभर तसं. आणि नंतर सव्वीस, सत्तावीस, धावून आलेल्या माणसासारखी, एक पंधरा, एक पंचवीस, एक चाळीस. पावणेदोन होऊन गेले तेव्हा कुठे पुन्हा सोळावर आली. दुखलं असेल का काही, श्रुतिकानं विचारलं, की कोणी आलं होतं? देवव्रतनं खिशातून फोन काढला, मागच्या बुधवारपर्यंत खाली गेला आणि तो पडद्याशेजारी धरला. रेवती, एक वाजून सात, एक मिनिट चार सेकंद. तिच्या उशीशी ठेवलेल्या मोबाइलवर तो रोज जेवायच्या सुट्टीत करतो तो फोन. लग्नानंतर कधीही चुकवला नाही, याचा त्याला थोडा अभिमानही होता. जेवलीस का? हो. बरी आहेस ना? हो रे, छान, तू जेव. तिचा आवाज त्याला स्पष्ट आठवत होता, कारण फोन ठेवताना त्याच्या मनात आलं होतं, आवाज तर ठणठणीत आहे. पाच मिनिटं आधीपासून ती त्या आवाजासाठी जमवाजमव करत होती, आणि नंतर पाऊण तास तो फेडत होती.

"मी फोन केला होता," तो म्हणाला.

श्रुतिकानं मान हलवली. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या घड्याळात बारा सत्तावन्न झाले होते. ते आकडे देवव्रतच्या डोळ्यांत शिरले आणि तो ताठ झाला. आज बुधवार. आत्ता, या क्षणी, मुलुंडला. आणखी पाच मिनिटांनी ती लाट दाट व्हायला लागेल, फोन अजून वाजलासुद्धा नसताना. त्यानं घाईनं दोन बोटांनी लिहिलं: आज फोन करत नाहीये. छान नसलीस तरी चालेल. पाठवलं, आणि फोन मांडीवर उताणा ठेवून बघत राहिला. एक टिक. दोन. दोन्ही निळ्या झाल्या. तिनं वाचलं होतं. एक वाजला, एक वाजून पाच झाले, एक वाजून दहा. पलीकडून काही आलं नाही, हो नाही, बरं नाही, साधा अंगठासुद्धा नाही. एवढं चांगलं काही तिनं त्याला कित्येक दिवसांत दिलं नव्हतं.

"मॅडम," तो श्रुतिकाला म्हणाला, "आधी जेवून घ्या तुम्ही. मी थांबतो. मग गुरुवार उघडू."